ताटाचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ : जे. सी. कुमारप्पा



परिसर अभ्यासात आपण मुलांना समतोल आहाराचा पाठ शिकवतो. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे असा तक्ता फळ्यावर काढतो. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण त्या तक्त्यातला भात कोणत्या शेतातून आला, त्याला किती पाणी लागलं, त्याचा कोंडा कुठे गेला आणि ताटात उरलेल्या घासाचं पुढे काय झालं, हे प्रश्न तक्त्यात नसतात. हेच प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक मोठा अर्थतज्ज्ञ आपल्या नागपूरपासून अवघ्या पंच्याहत्तर किलोमीटरवर, वर्ध्याला, राहत होता. आज आपण त्यांच्या जीवनाविषयी माहिती पाहू या. पर्यावरणपूरक आहार हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, पण त्यामागचा विचार त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी मांडला होता.

बालपण आणि शिक्षण

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरची परिस्थिती चांगली, वातावरण शिस्तीचं. मोठे झाल्यावर जोसेफ लंडनला गेले आणि हिशेबतपासनीस होऊन परत आले. मुंबईत त्यांचा व्यवसाय उत्तम चालला. उंची सूट, इंग्रजी रीतभात, असा त्यांचा थाट होता.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. आधी सिराक्यूज विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकले आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. तिथे त्यांना प्राध्यापक सेलिग्मन लाभले. आपल्या नागपूरकरांना हे नाव मुद्दाम सांगायला हवं, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरही कोलंबियात याच सेलिग्मन यांचे विद्यार्थी होते.

कोलंबियात त्यांनी अभ्यासाचा विषय घेतला तो भारताच्या सार्वजनिक जमाखर्चाचा. इंग्रज सरकार कर कोणाकडून घेतं आणि खर्च कोणासाठी करतं, याचे आकडे ते तपासू लागले. हिशेबतपासनिसाला वह्यांमधली गफलत लगेच दिसते. इथे तर सगळ्या देशाच्याच वहीत गफलत होती. भारतातली गरिबी आळसामुळे नाही, तर चुकीच्या जमाखर्चामुळे आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं आयुष्य बदललं.

साबरमतीची भेट

भारतात परतल्यावर आपला प्रबंध छापावा म्हणून ते ९ मे १९२९ रोजी गांधीजींना भेटायला साबरमती आश्रमात गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ सूत कातत बसले होते. जोसेफ काठीवर रेलून वाट पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने कळलं की हेच गांधीजी. कडक इस्त्रीचा सूट घालून खाली कसं बसायचं, असा क्षणभर संकोच झाला, पण ते तसेच जमिनीवर बसले.

पुढे त्यांनी सूट सोडला, खादी घेतली आणि कॉर्नेलियस हे नाव सोडून घराण्याचं जुनं कुमारप्पा हे नाव लावलं. गांधीजींनी त्यांना पहिलं काम दिलं ते गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या पाहणीचं. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते गावोगाव फिरले. शेतकरी काय पिकवतो, काय विकतो, काय खातो आणि त्याच्या हातात काय उरतं, याची त्यांनी नोंद केली. अर्थशास्त्राचा अभ्यास चुलीपासून सुरू होतो, हे त्यांना तिथे समजलं.

हिशेबाच्या बाबतीत ते किती कडक होते याची एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मदत निधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. स्वयंसेवकांच्या जेवणासाठी रोजची ठरावीक रक्कम असे. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा त्यांचा जादा खर्च निधीत टाकायला कुमारप्पांनी साफ नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा होता, म्हणून नियम सगळ्यांना सारखाच. गांधीजींनी ते मान्य केलं.

वर्ध्याची मगनवाडी

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या आठवणीसाठी त्या जागेला मगनवाडी नाव मिळालं. संघाचा कारभार कुमारप्पांवर सोपवला गेला. तंजावरला जन्मलेला, लंडन-न्यूयॉर्कला शिकलेला हा माणूस अशा रीतीने आपल्या विदर्भाचा झाला. १९३५ साली गांधीजी स्वतः मगनवाडीत राहायला आले. पुढच्या वर्षी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले.

मगनवाडीत रोजच्या खाण्याच्या वस्तूंवर प्रयोग चालत. त्यातले तीन आपण नीट समजून घेऊ.

पहिला प्रयोग तांदळाचा. त्या काळी भात गिरण्या झपाट्याने वाढत होत्या आणि पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा झाला होता. तांदळावरचा लालसर थर म्हणजे कोंडा. ब जीवनसत्त्व मुख्यतः याच थरात असतं. गिरणीत तो निघून जातो. नुसता पांढरा भात खाणाऱ्या भागांत बेरीबेरीचा आजार का होतो, हे तोवर वैद्यकशास्त्राला कळलं होतं. मग कोंडा काढायचा कशाला? कारण कोंड्यात तेल असतं आणि ते लवकर खवट होतं. पांढरा तांदूळ महिनोन्‌महिने टिकतो, दूर पाठवता येतो. म्हणजे तांदूळ पांढरा करण्यात सोय व्यापाऱ्याची होते, खाणाऱ्याची नाही. हातसडीचा तांदूळ जवळच पिकवावा लागतो आणि ताजा खावा लागतो. मगनवाडीने त्याचाच आग्रह धरला.

दुसरा तेलाचा. मगनवाडीत बैलघाण्यात सुधारणा झाल्या आणि तो घाणा वर्धा घाणा म्हणून ओळखला जाऊ लागला. कुमारप्पांचा हिशेब असा होता : तीळ, जवस, भुईमूग गावातच गाळला तर तेल माणसाला मिळतं, ढेप गुरांना मिळते, शेण शेताला मिळतं आणि तेल्याला काम मिळतं. पण तेलबियाच बाहेर विकल्या तर ढेपही जाते, म्हणजे शेताचा कसच पोत्यात भरून परगावी जातो. बाहेरून आलेला तेलाचा डबा तो कस परत आणत नाही. पालकहो, आपल्या स्वयंपाकघरातल्या तेलाच्या पिशवीकडे या नजरेने एकदा बघा.

तिसरा गोडाचा. १९३२ साली सरकारने साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि साखर कारखाने वाढले. कुमारप्पा गुळाच्या बाजूचे होते, आणि त्यातही ताड-शिंदीच्या गुळाच्या. ऊस चांगली जमीन अडवतो आणि भरपूर पाणी पितो. ताड आणि शिंदी बांधावर, पडीक जागेत वाढतात, त्यांना वेगळं पाणी द्यावं लागत नाही. गोड झाडापासून घेतलं तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होते, असं त्यांचं गणित होतं. आज महाराष्ट्रात ऊस आणि पाणी यावर किती वाद होतात, हे आपल्याला माहीतच आहे. कुमारप्पांनी तो मुद्दा तेव्हाच धरला होता.

यासोबत मधमाशीपालन, हातकागद, सोनखत असे कितीतरी प्रयोग मगनवाडीत होत. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप नावाचा कंदीलही तिथेच तयार झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. ते आजही वर्ध्यात आहे.

नागपूर राजधानी असताना

तेव्हा आपला भाग मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणून ओळखला जाई आणि नागपूर त्याची राजधानी होती. १९३७ नंतर प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. त्या सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुमारप्पांना. कार्यालयात बसून अहवाल लिहिण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शेकडो गावांमधून माहिती गोळा केली गेली. १९३९ सालच्या अहवालाचा रोख स्पष्ट होता : गावात जे पिकतं त्यावर प्रक्रिया गावातच व्हावी आणि गावाची पहिली गरज, म्हणजे पोटभर सकस अन्न, आधी भागावी.

मगनवाडीतल्या त्यांच्या साध्या झोपडीत एका गरीब खेडुताचं चित्र होतं. पाहुण्यांनी विचारलं की ते सांगत, हा माझ्या गुरूचा गुरू आहे. गांधीजी त्यांचे गुरू आणि गांधीजींचा गुरू हा खेडूत.

तुरुंगात लिहिलेलं पुस्तक

१९४२ च्या आंदोलनाच्या काळात कुमारप्पांना तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशू ख्रिस्तांच्या शिकवणीवर आणि दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. १९४५ साली ती प्रसिद्ध झाली. ती वाचून गांधीजींनी त्यांना गमतीने दोन डॉक्टर पदव्या दिल्या, एक धर्मशास्त्राची आणि दुसरी ग्रामोद्योगाची. तेव्हापासून ते डॉ. कुमारप्पा झाले.

शाश्वत अर्थव्यवस्थेच्या पुस्तकातला एक विचार आपल्या चौथी-पाचवीच्या मुलांनाही सहज समजेल. निसर्गात जगण्याच्या पाच पद्धती आहेत, असं ते सांगतात. वाघ दुसऱ्याला मारून जगतो. माकड स्वतः न लावलेल्या बागेतली फळं ओरबाडतं. पक्षी स्वतःच्या मेहनतीने घरटं बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी मध गोळा करते. आणि आई पिलासाठी काहीही परत न मागता झिजते. माणसाने खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायचं आहे. संत्र्याच्या बागेत माकडांनी घातलेला धुमाकूळ आपल्या काटोल-नरखेडकडच्या मुलांनी पाहिलेला असतो. त्यांना विचारा, आपण जेवतो तेव्हा यापैकी कोणासारखे असतो?

दुसरा विचार झऱ्याचा आणि टाकीचा. ऊन, पाऊस, झाडं, जनावरं यांच्यापासून मिळणारी शक्ती झऱ्यासारखी वाहत राहते. कोळसा, पेट्रोल, खनिजं ही टाकीतल्या साठ्यासारखी आहेत, वापरली की संपणारी. झऱ्यावर चालणारं जीवन टिकतं. साठ्यावर चालणाऱ्या जीवनात आज ना उद्या भांडण आणि युद्ध येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आता आपलं ताट घ्या. कोरडवाहू जवारी पावसाच्या पाण्यावर येते, म्हणजे ती बरीचशी झऱ्याची. हजारो किलोमीटरवरून शीतगृहात ठेवून आणलेलं सफरचंद बरंचसं टाकीचं. धानाच्या पाणी साचलेल्या बांध्यांतून मिथेन वायू निघतो, उरलेलं अन्न कचऱ्याच्या डोंगरात कुजतं तेव्हाही मिथेन निघतो. जगातल्या हरितगृह वायूंचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नाच्या व्यवस्थेतून येतो, असं आजचे शास्त्रज्ञ सांगतात. कुमारप्पांकडे ही मोजमापं नव्हती, पण दिशा त्यांना बरोबर कळली होती.

ते तिथेच थांबले नाहीत. एक लाख लोकवस्तीला वर्षभर समतोल आहार द्यायचा तर धान्य, डाळी, भाजीपाला, फळं, तेलबिया यांसाठी प्रत्येकी किती जमीन लागेल, याचं कोष्टकच त्यांनी मांडलं. आपण आहाराचा तक्ता भिंतीवर लावतो, त्यांनी तो शेतावर नेऊन लावला. आधी लोकांच्या ताटाला काय लागतं ते पाहा, मग कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरवा, ही त्यामागची कल्पना होती.

स्वातंत्र्यानंतर

देश स्वतंत्र झाल्यावर काँग्रेसने जमीन सुधारणांसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पण देशाने मोठ्या कारखान्यांचा आणि पुढे रासायनिक खतांचा रस्ता धरला. कुमारप्पा रोखठोक बोलणारे. ट्रॅक्टर नांगरतो, पण शेण देत नाही, हा त्यांचा साधा आक्षेप होता. दिल्लीत त्यांचं ऐकणारे कमी होत गेले. पदाची हौस नसल्यामुळे त्यांनी खेड्याचीच वाट धरली. नागपूर-वर्धा रस्त्यावर सेलडोह लागतं ना, तिथे त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग सुरू केले. पुढे प्रकृती ढासळली आणि ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथे गांधी निकेतन आश्रमात जाऊन राहिले. ते अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजी, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे त्यांचं निधन झालं. नंतर १९७३ साली अर्थतज्ज्ञ शूमाखर यांचं लहान ते सुंदर या अर्थाच्या नावाचं पुस्तक जगभर गाजलं. त्यात कुमारप्पांच्या विचारांची आदराने दखल घेतलेली आहे.

सगळंच जसंच्या तसं घ्यायचं का?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर बसायच्या, उखळात धान सडायच्या. ओव्या कितीही गोड असल्या तरी ते कष्ट एकट्या बाईच्या वाट्याला यायचे. चक्की आली आणि त्यांचे खांदे मोकळे झाले. मुलींना शाळेत यायला वेळ मिळाला. म्हणून जातं परत आणा, असं मी कोणत्याही आईला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. लाकडी घाण्याचं तेल आणि हातसडीचा तांदूळ आज महाग आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, जवारी मात्र बहुतेक वेळा विकत घ्यावी लागते. ज्या घरात आई-बाबा रोजमजुरी करतात, त्यांना तुम्ही महागाचं घ्या, असं सांगणं बरोबर नाही. कुमारप्पांनीही सगळा भार खाणाऱ्यावर टाकला नव्हता. कोणत्या जमिनीत काय पिकवायचं याचं धोरण ठरलं पाहिजे, असं ते म्हणत. आपल्या विदर्भातच बघा. जवारीची शेतं कमी होत गेली आणि तिथे सोयाबीन-कपाशी आली. शेतकऱ्याला भाव जिथे मिळेल तिथेच तो वळणार. म्हणजे शाळेतल्या पोराच्या ताटात भाकर यायची असेल, तर जवारीला भाव मिळणं हीसुद्धा पर्यावरणाचीच गोष्ट झाली.

मग कुमारप्पांकडून आपण काय घ्यायचं? मला वाटतं, त्यांची हिशेबाची सवय घ्यावी. घास कुठून आला, त्यात कोणाला काम मिळालं आणि मातीला काय परत गेलं, एवढे तीन प्रश्न. यांना पैसे लागत नाहीत.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. एका ताटाचा हिशेब : मुलांनी रात्रीच्या जेवणातले चार पदार्थ लिहून आणावेत. प्रत्येकासमोर गाव किंवा राज्य, आणि आईने किंवा बाबांनी ते कुठून आणलं ते लिहावं. माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवावी. रिकाम्या जागाच खूप काही शिकवतात. मात्र कोणाच्या डब्यात काय आहे यावरून कोणालाही कमी लेखलं जाणार नाही, याची काळजी आपण घ्यायची.

२. उरलेल्याचं वजन : शालेय पोषण आहारातली खिचडी किती उरते किंवा टाकली जाते, ते आठवडाभर मोजा. गणिताच्या तासाला त्याचा स्तंभालेख काढा. वाढताना आधी थोडं वाढा, लागलं तर पुन्हा द्या. पुढच्या आठवड्यात परत मोजा.

३. हंगामाचा तक्ता : उन्हाळ्यात चिवळ, पावसाच्या सुरुवातीला तरोटा, पुढे अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, तुरीचे सोले आणि पोपटाच्या शेंगा. या भाज्या मुलांच्या आजीला विचारून लिहा. रानभाजी मात्र जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय तोडायची नाही, हे बजावून सांगा.

४. परसबाग आणि खत : आलूची सालं, भाजीचे देठ, सांबाराच्या काड्या, झाडांचा पाला एका खड्ड्यात टाकून खत करा आणि ते परसबागेतल्या वांग्या-टमाटरला घाला. कस परत मातीला जातो म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

५. सहल : सेवाग्रामला सहल नेतोच आपण. त्याच दिवशी वर्ध्याचं मगन संग्रहालयही दाखवा, आणि जाताना सेलडोह आलं की बसमध्येच कुमारप्पांची गोष्ट सांगा.

पालकहो, घरी सुरुवात करायची तर आठवड्यातून दोन दिवस जवारीची भाकर आणि बाजारात स्वस्त असलेली हंगामी भाजी एवढं पुरे. हंगामातली भाजी जवळची असते आणि बहुतेक वेळा खिशालाही परवडते. मुलांनी कुरकूर केली, तर त्यांनाच हिशेबाची वही द्या. वही त्यांच्या हातात असली की खाण्यात त्यांचं लक्ष लागतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे.